बाईंसाठी दोन पुडांचा डबा

शिक्षकांसाठी भेट घ्यायला आलेला पालक दुकानात शिरताच ओळखू येतो. लग्नाच्या आहेराला आलेला माणूस आधी भाव विचारतो. वास्तुशांतीला आलेला भांडे हातात घेऊन वजन बघतो. शिक्षकांसाठी आलेला पालक आधी आजूबाजूला बघतो. आपल्या पोराच्या वर्गातले आणखी कोणी दुकानात आहे का, याची खात्री करतो आणि मग हळूच विचारतो, "बाकीच्यांनी काय नेलं?"

कळंबच्या बाजारपेठेत स्टीलची भांडी आणि भेटवस्तूंचे दुकान मी सव्वीस वर्षे चालवले. त्यातली बरीच वर्षे एका दैनिकाचा तालुका वार्ताहरही होतो. तालुक्याच्या गावी ही दोन कामे एकाच माणसाकडे असणे नवलाचे नाही. गल्ल्यावर बसून मी पंचायत समितीच्या सभेची बातमी लिहिली आहे आणि सभेत बसून कुकरची ऑर्डर घेतली आहे. एक शिस्त मात्र ठेवली होती. दुकानात वार्ताहर आणायचा नाही आणि बातमीत दुकानदार येऊ द्यायचा नाही. ही शिस्त आपण कधी मोडली नाही, असा माझा बरीच वर्षे समज होता.

धंदा समजावा म्हणून थोडे सांगतो. शिक्षकांच्या भेटींचे दोन हंगाम असतात. शिक्षक दिनाला मुले स्वतः येतात, पेन किंवा कार्ड नेतात. दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी पालक येतात आणि खरा माल तेव्हा खपतो. पूर्वी हा हंगाम नव्हता. खेड्यातल्या गुरुजींच्या घरी शेंगा जायच्या, भोपळा जायचा, हरभऱ्याचा डहाळा जायचा, भूमकडच्या पालकांकडून खवा यायचा. त्याला कोणी भेट म्हणत नसे. शेतात निघाले, गुरुजींना दिले, एवढेच. मग तालुक्यात पिवळ्या गाड्यांच्या इंग्रजी शाळा आल्या आणि दिवाळीला बाईंच्या टेबलावर रंगीत कागदातली खोकी दिसू लागली. एका टेबलावर दिसली की शेजारच्या वर्गातही लागतात. जिल्हा परिषदेच्या शाळांत ही चाल तिथूनच गेली.

मी गिऱ्हाईकाला तीन गोष्टी विचारत असे. बाई आहेत की सर? घरी माणसे किती? गावात राहतात की अपडाऊन करतात? तिसरा प्रश्न महत्त्वाचा, कारण स्कूटीवरून जाणाऱ्या बाईंना डिनर सेट दिला तर तो न्यायचा कसा? बहुतेक पालकांना पहिल्याचे उत्तर यायचे, बाकी दोन्हींचे नाही. ज्या माणसाकडे आपले मूल दिवसाचे सहा तास असते, त्या माणसाला मुले आहेत की नाहीत, हे त्यांना ठाऊक नसे. मग ते घड्याळ नेत. घड्याळाला काही माहिती लागत नाही.

त्यामुळे शिक्षकांच्या घरी घड्याळे फार होत. बार्शी रोडला राहणारे एक सर दिवाळीनंतर दरवर्षी पिशवी घेऊन येत.

"काय सर, किती?"

"पाच. चार घड्याळं आन एक लेमन सेट. घरात भिंत उरली न्हाई बगा. बायको म्हणती, एवढी घड्याळं असून शाळंला उशीर कसा होतोय?"

मी ती ठेवून घेई आणि त्यांना उपयोगाचे भांडे देई. बदलून घेतलेल्या खोक्याच्या तळाला पेन्सिलीने बारीक खूण करायची माझी सवय होती. त्यातले एक घड्याळ पुढच्या वर्षी दुसऱ्याच पालकाने नेले आणि ते फिरून याच सरांच्या पिशवीतून परत आले. सरांनीही ते ओळखले.

"हे मागल्या वर्षीचंच न्हवं?"

"व्हय."

"मग ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. वळखीचं हाय," असे म्हणून त्यांनी ते परत पिशवीत टाकले.

एक आडत दुकानदार दरवर्षी सर्वांत मोठे खोके मागत. "मॅडमला भारीतलं कायतरी द्या. पोरगं गणितात लई कच्चं हाय."

"मग शिकवणी लावा की शेठ."

"शिकवणी वर्षभर लागती. भांडं एकदाच लागतंय."

असे पालक थोडे. बहुतेकांना काही मिळवायचे नसे. आपले पोर मागे पडू नये, एवढीच धास्ती असे, आणि ती खोक्यात घालून देता येते असे त्यांना वाटे. मी तसे वाटू दिले. माझा धंदा त्यावर होता.

आता नावाचे सांगतो. आमच्या भागात स्टीलचे भांडे नावाशिवाय दुकानाबाहेर जात नाही. त्यासाठी पेनासारखे एक यंत्र असते. सुई थरथरते, भुंग्यासारखा आवाज होतो आणि धातूवर बारीक टिंबांची अक्षरे उमटतात. तालुक्यात माझ्या अक्षराला नाव होते. येरमाळ्याकडची माणसे दुसरीकडे घेतलेले भांडे माझ्याकडे आणून नाव टाकून नेत, आणि याचा मला अभिमान होता. नाव टाकलेले भांडे फिरवता येत नाही. दुसऱ्याला देता येत नाही, दुकानात बदलता येत नाही. म्हणून मी प्रत्येक पालकाला सांगायचो, "घड्याळ नेऊ नका. भांडं न्या आणि नाव टाकून न्या. बाईंच्याच घरात राहील." शिक्षकांना हे फारसे आवडत नसावे. मला मात्र त्यात सचोटी वाटे. द्यायचे तर उघड द्यावे, असे माझे मत होते.

शोभा दुकानात आली ती दिवाळीच्या आधीच्या बाजारच्या दिवशी, दुपारी. कळंबपासून तेरा-चौदा किलोमीटरवरच्या एका लहान गावची. वय तिशीच्या आसपास. तिने आजूबाजूला पाहिले नाही आणि बाकीच्यांनी काय नेले, तेही विचारले नाही.

"भाऊ, दोन पुडाचा डबा दावा. झाकण घट बसनारा."

"कोणासाठी?"

"पोरीच्या बाईसाठी."

मी नेहमीप्रमाणे बोलू लागलो. बाईंकडे डबे असतीलच, त्यापेक्षा हा सेट बघा, हे फुलदाणीचे बघा. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "डबाच पायजे."

मग तिने जे सांगितले ते असे. ती आणि तिचा नवरा ऊसतोडीला जातात, दिवाळी झाली की निघायचे आणि चैत्रात परतायचे. थोरली मुलगी वैष्णवी पहिली-दुसरीची दोन्ही वर्षे त्यांच्याबरोबर फडावर गेली आणि दरवर्षी अर्धी शाळा बुडाली. तिसरीला मोरे बाई घरी आल्या. (बाईंचे नाव मी बदलले आहे.) हिला नेऊ नका, म्हणाल्या. गावात वसतिगृह नव्हते. घरी एक सासरा, त्याला नीट दिसत नाही.

"दुपारची खिचडी मिळती शाळंत. पर सांजचं काय? मामंजीनं चूल पेटवली तर घर पेटंल. बाई म्हणल्या, सांजचं म्या बघते. त्या कळंबातनं येत्यात गाडीवर. रोज दोन डबे आणायच्या. एक त्यांचा, एक हिचा. शाळा सुटली की हिच्या हातात द्यायच्या, दुसऱ्या दिशी रिकामा न्यायच्या. पाच म्हयने. आमची उड्या मारत येती, आपटून आपटून डबा पार चेमटला. आता झाकण बसंना. बाई काय बोलल्या न्हाईत. पर मला दिसतंय की."

"म्हणजे हा डबा बाईंना की पोरीला?"

शोभा हसली. "बाईलाच. फिरून येतोय मातूर आमच्याच घरी."

वैष्णवी तेव्हा चौथीत होती. गावची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला कळंबला यावे लागणार होते, आणि मोरे बाईंनी तेही बोलून ठेवले होते. हंगामाचे पाच महिने मुलगी त्यांच्या कळंबच्या घरी राहील, बाकीचे महिने एसटीने येईल. नवऱ्याने मान डोलावली होती. "त्यो सहजी हो म्हणत न्हाई," शोभा म्हणाली. "बाईचं ऐकलं त्यानं."

"नाव काय टाकू? मालकांचं?"

"त्यांचं कशाला? पोरीचं टाका. वैष्णवी."

नुसते वैष्णवी पुरणार नाही, असे मी सांगितले. दर वर्गात दोन-तीन वैष्णव्या असतात. मी यंत्र घेतले आणि लिहिले: मुलीचे पूर्ण नाव, इयत्ता, गाव, 'मोरे बाई यांना दिवाळीनिमित्त भेट', आणि वर्ष. कोणी, कोणाला, कुठे, केव्हा, कशासाठी. बातमीच्या पहिल्या परिच्छेदात जे लागते ते सगळे त्या डब्यावर आले. शिस्त तिथेच मोडली होती. ते ध्यानात यायला मला दोन महिने लागले.

"एवढं लागतंय व्हय?" शोभाने विचारले.

"लागतं. कोणी दिलं ते कळायला नको?"

तिने अक्षरांवरून बोट फिरवले, मला दोनदा वाचून दाखवायला लावले आणि डबा पदराखाली घेऊन गेली.

पौष सुरू व्हायच्या सुमारास अण्णा आले. अण्णा त्या गावच्या शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य. त्यांचा नातू शिकायला कळंबच्या इंग्रजी शाळेत होता आणि नाव मात्र गावच्या शाळेच्या पटावर. मोरे बाईंनी ते नाव पटावरून काढले होते. तालुक्यात हे सर्वांना माहीत होते, मलाही. अण्णांनी फोन पुढे केला. फोटोत शाळेच्या टेबलावर ठेवलेला डबा होता. अक्षर माझे होते.

"बाई पालकांकडनं वस्तू घेत्यात. गटशिक्षणाधिकाऱ्याकडं अर्ज दिलाय, ही पोच. बातमी लावा."

"अण्णा, डबा आहे तो. साधा."

"आज डबा हाय. उंद्या अंगठी घेतील."

मी म्हणालो, बघतो. अण्णा उठले नाहीत. दुकानभर नजर फिरवून डब्यांच्या फळीवर थांबले. "तुमच्याच दुकानातला हाय न्हवं? म्हणून दाबताय व्हय? तसं सांगा. दुसरे पत्रकार हाईत तालुक्यात."

इथे माझी चूक झाली, आणि ती नेमकी सांगितली पाहिजे. अण्णांची मला भीती नव्हती. भीती वेगळी होती. दुकान वाचवायला याने बातमी दाबली, असे कोणी म्हणेल, ही. इतकी वर्षे जपलेला निःपक्षपातीपणा मला दाखवून द्यायचा होता, आणि तो दाखवायला मी ही बातमी निवडली.

मी रीतसर काम केले. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारले, अर्ज आल्याला दुजोरा मिळाला. मोरे बाईंना फोन केला.

"डबा घेतलात का?"

"घेतला."

"पालकाकडून?"

"हो. आणखी काही विचारायचंय?"

"नाही," मी म्हणालो.

डबा रोज संध्याकाळी कोणाच्या घरी जातो, ते मला ठाऊक होते. पण ते अर्जात नव्हते, बाई बोलल्या नव्हत्या आणि मला ते गल्ल्यावर बसून कळले होते. दुकानात ऐकलेले बातमीत आणायचे नाही, ही माझी शिस्त. म्हणून ते आले नाही. बातमीतला प्रत्येक शब्द खरा होता. डबा स्वीकारल्याचे शिक्षिकेने मान्य केले, चौकशी होणार आहे, समितीची कारवाईची मागणी आहे. मुख्य कचेरीतल्या डेस्कने तिला तीन कॉलमी मथळा दिला आणि फोटो छापला. मुलीचे नाव त्यांनी काळी पट्टी मारून झाकले. बाईंचे झाकले नाही.

चौकशी पूर्ण होईपर्यंत मोरे बाईंना परंडा तालुक्यात, सोनारीजवळच्या एका शाळेत पाठवण्यात आले. त्यांनी कळंबची खोली सोडली. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी डबा घासून वैष्णवीच्या आजोबांकडे दिला, असे नंतर कळले. संध्याकाळचे जेवण तिथेच थांबले. शेजारीपाजारी काही दिवस भाकरी देत राहिले.

पुढच्या महिन्यात शोभा हंगाम अर्धवट टाकून आली. दुपारच्या वेळी दुकानाच्या पायरीशी उभी होती. बरोबर वैष्णवी होती, तिला मी पहिल्यांदा पाहिले. हातात तो डबा.

"भाऊ, हे नाव निघंल का?"

"कशाला काढता?"

"नाव हाय म्हणून बाईवर आलं म्हणत्यात. नाव काढून डबा हापिसात दावला तर? म्हणायचं, आमचाच हाय. बाईला दिलाच न्हाई."

तसे होत नाही, फोटो छापून आला आहे, असे मी सांगितले. ती डबा पुढे करून उभी राहिली. मी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि बराच वेळ घासले. चमक गेली, अक्षरे फिकट झाली. पण सुईने खोदलेले जात नाही. उजेडात तिरके धरले की दिसते.

"दिसतंय का?" शोभाने मुलीला विचारले.

वैष्णवीने डबा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि सगळी ओळ वाचली. स्वतःचे नाव, इयत्ता, गाव, बाईंचे नाव. कुठेही अडखळली नाही.

"बगा, वाचती," शोभा म्हणाली. त्या आवाजात कौतुक होते की तक्रार, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही सांगता येत नाही.

"हिला घेऊन जाता?"

"मग कुणाच्या भरवशावर ठिवू? साडेतीनची यष्टी हाय."

बातमी मी लिहिली होती. तिला ते माहीत नसावे, अशा समजुतीने मी गप्प राहिलो. त्या दोघी स्टँडकडे निघून गेल्या.

चौकशीत काही निघाले नाही. डबा ही किरकोळ वस्तू, त्याच्या बदल्यात कोणताही लाभ दिल्याचे आढळले नाही, समज देऊन प्रकरण बंद करावे, असा अहवाल झाला. मी त्याची बातमी पाठवली. त्या दिवशी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती जास्त होत्या. बातमी आतल्या पानावर दोन ओळींची झाली आणि तालुका आवृत्तीत तीही गळली. प्रकरण बंद झाले तरी बाईंची नेमणूक परत फिरली नाही. त्यांच्या जागी दुसरे शिक्षक आले होते.

तेव्हा मी सोनारीला गेलो. येरमाळा, बार्शी, परंडा असे करत पोहोचायला दुपार झाली. शाळा गावापासून थोडी पुढे होती. भैरोबाच्या देवळाकडची माकडे तिच्या कुंपणावर बसली होती आणि मोरे बाई व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत, पण सतरंजीची मोकळी बाजू हाताने झटकली. मी बसलो.

"अहवाल चांगला आला," मी म्हणालो.

"येणारच होता."

"फोनवर तुम्ही सांगितलं नाही, डबा तिच्याच घरी जातो म्हणून."

"तुम्ही विचारलं का?"

त्याच पुढे म्हणाल्या, "आणि सांगून काय झालं असतं? पेपरात छापून आलं असतं, पोरगी बाईंच्या भाकरीवर जगते. वर्गातली पोरं तिला काय म्हणाली असती? माझी बदली होते, होऊ द्या. ती त्याच वर्गात बसणार होती ना."

मग त्यांनी वही मिटली. "ती कुठं आहे आता?"

"आई घेऊन गेली. फडावर."

"कोणत्या कारखान्याच्या?"

मी विचारले नव्हते. ती दुकानात तासभर होती. मी डबा घासत बसलो होतो आणि विचारायचे सुचले नाही.

"तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"मुकादम कोण?"

"तेही नाही."

"स्थलांतरित मुलांचं कार्ड असतं," बाई म्हणाल्या. "ते भरून पाठवलं तर तिथल्या जवळच्या शाळेत बसवून घेतात. मी इथूनही केलं असतं. नुसतं गाव कळायला पाहिजे." त्यांनी आपला नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. "कळलं तर सांगा."

मी त्या गावी गेलो. म्हातारा म्हणाला, कर्नाटकात. शेजारी म्हणाले, न्हाय, सांगलीकडं. मुकादमाचा नंबर मिळवायला आठ दिवस गेले. तो लागला तेव्हा मुकादम म्हणाला, "टोळी हालली तिथनं. दुसऱ्या फडावर गेली. म्होरला पत्ता लागला की सांगतो." त्याने सांगितले नाही. मी पुन्हा विचारले, तोवर कारखाना बंद व्हायला आला होता. मोरे बाईंना फोन करून तसे कळवले. त्या "बरं" म्हणाल्या.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी गावच्या मुख्याध्यापकांना भेटलो. चौथीनंतर दुसऱ्या शाळेत नाव घालायचे तर दाखला न्यावा लागतो. वैष्णवीचा दाखला तयार होता. सही, शिक्का, सगळे. न्यायला कोणी आले नव्हते.

"मी देऊन येतो," मी म्हणालो.

"तसं जमत न्हाई. पालकाची सही लागती अर्जावर. सही आणा, दाखला न्या."

अर्ज घेऊन मी शोभाच्या घरी गेलो. ती अंगणात सरपण फोडत होती. वैष्णवी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी होती. चार महिन्यांत उंच झाली होती. मी अर्ज पुढे केला. परंड्याला मोरे बाई आहेत, त्या मुलीला ठेवून घ्यायला तयार आहेत, मी स्वतः नेऊन सोडतो, असे सांगितले. बाईंशी तसे बोलून आलो होतो.

शोभाने अर्ज हातात घेतला नाही. हात पदराला पुसत राहिली.

"कळंब असतं तर धाडली असती. बापानं तेवढ्याला हो म्हणलं व्हतं. आता त्यो म्हणतोय, एवढ्या लांब न्हाई."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"तुमी नका बोलू भाऊ. आन म्हाझंबी मन होईना. पोरगी बाईच्या घरी ऱ्हायली तर लोक परत म्हनतील, फुकट राबवून घेत्यात. परत कोन अर्ज देईल. बाईचं एकदा झालं तेवढं लई झालं. आमच्यापायी त्यांचं नाव परत पेपरात नको."

मला गप्प बसवेना. "ती बातमी मी लिहिली होती," मी म्हणालो.

"ठावं हाय की."

"केव्हापासून?"

"दुकानात आलते तवाच ठावं व्हतं. गावात सगळ्यांलाच ठावं व्हतं."

"मग तेव्हा काही बोलला नाहीत?"

"बोलून बाई माघारी आल्या असत्या का?"

तिने हे शांतपणे विचारले. मग कुऱ्हाड उचलली. "चहा घेता का? पोरी, चहा ठिव गं भाऊंना."

वैष्णवीने भावाला खाली ठेवले आणि चूल पेटवली. मी चहा घेतला. अर्ज कोराच परत आणला.

मुख्याध्यापक म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, कपाटात ठेवतो. म्होरल्या वर्षी येतील."

वार्ताहरकी मी त्या वर्षी सोडली आणि दुकान गेल्या वर्षी. मोरे बाई अजून तिकडेच आहेत. मुख्याध्यापकांना मी दर जूनमध्ये फोन करतो. दाखला न्यायला कोणी आले का, एवढेच विचारतो. ते "न्हाई" म्हणतात. यंदा मी विचारायच्या आधीच ते "न्हाई" म्हणाले.